पाठीमागचा आवाज

११ मार्च, मंगळवार

व्यापारी संघाचे नाना दुकानात आल्ते. एक चहा घेतला, दुसरा स्वतःहून मागितला, म्हणजे काम होतं. चौदा एप्रिलला अग्निशमन दिन असतो म्हणे. मला आजवर चौदा एप्रिल म्हणलं की जयंतीची मिरवणूक आणि तिच्या फोटोंच्या ऑर्डरी एवढंच माहीत. यंदा बंबावरच्या लोकांचा सत्कार करायचा, शाल-नारळ, आणि स्टेजच्या मागं एक भला मोठा फोटो लावायचा. नाना म्हणाले, ओळीत उभा केलेला नको. खरा पाहिजे, आगीतला.

हो म्हणून टाकलं. हो म्हणायला काय जातंय.

सौ.ला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, आगीतला फोटो पाहिजे तर आधी आग पाहिजे.

१३ मार्च, गुरुवार

बंबाच्या शेडमध्ये जाऊन आलो. ड्यूटीवरचे सगळे इस्त्री करून उभे. छाती पुढं, हात पँटच्या शिवणीला. वरपक्षाची माणसं बरी, ती निदान जेवणाकडं तरी बघत असतात.

शेषराव काका मिशीला काळं लावून आल्ते. पिंपळगाव रेणुकाईचे. बंबावरच म्हातारे झाले, यंदा निवृत्त होतील. त्यांच्या बाजूला संजू, केदारखेड्याचा, कंत्राटावर आहे. दर वर्षी कंत्राट नवं होतं की न्हाई याच्यावर त्याचं घर चालतं. संजूच्या लग्नाचे फोटो मीच काढलेले. आज त्यानं सगळ्यांना तो किस्सा सांगितला. विहारात वंदना चालू होती आणि मी आपल्या सवयीनं ओरडलो, "इकडं!" वंदना थांबली. सगळी मंडळी हात जोडलेले तसेच ठेवून माझ्याकडं बघायला लागली. त्या फोटोत बुद्धमूर्ती सोडली तर सगळे कॅमेऱ्यात बघून राह्यलेत. पोरं लई हसली. मीही हसलो. हा आवाज मी कमावलेला आहे. स्टुडिओ नव्हता, कॅमेरा नव्हता, तेव्हा अड्ड्यावर काळीपिवळीची पाशिंजरं भरत होतो. "जाफराबाद, इकडं, इकडं!" दुसऱ्या जीपमध्ये बसलेला माणूस उतरून आमच्यात यायचा. त्याच आवाजावर पुढं लग्नं मिळाली. मांडवात कितीही गलका असू दे, मी एकदा "इकडं" म्हणलो की मान वळलीच पाहिजे.

काकांनी काम समजावून सांगितलं. पाईपावर दोघं असतात. पुढचा तोंड धरतो, मागचा पाईप सांभाळतो. पुढच्याला धुरात काही दिसत नसतं. "पुढच्यानं बघायचं न्हाई, ऐकायचं. बघायचं काम पाठीमागच्याचं." मागचा 'पुढं' म्हणाला की पुढं सरकायचं, 'इकडं' म्हणाला की पाणी त्याच्या बाजूला वळवायचं. तिसऱ्यानं तोंडच उघडायचं न्हाई.

मी हां हां म्हणालो. खरं तर त्यांच्या मिशीवर ऊन कसं पडतंय ते बघत होतो.

१४ मार्च, धुळवड

काल होळीपाशी संजूला वर्दीत उभं करून फोटो घ्यावा असं डोक्यात आलं. ज्वाळा मिळतील, माणूस मिळेल. संजूला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, होळी विझवायला आला म्हणून गाव मारंल मला."

बरोबर आहे.

१७ मार्च, सोमवार

केदारखेड्याच्या वाटेवर कडब्याच्या गंजीला आग. संजूनं फोन केल्ता. मोटरसायकल काढून सुटलो. पोचेपर्यंत विझवून मोकळे. ओली राख आणि पाईप गुंडाळणारी माणसं. गंजीवाला डोक्याला हात लावून बसलेला. त्याला बिडी दिली, दोन शब्द बोललो.

येताना वाईट वाटत होतं. गंजी जळाली याचं नव्हे, विझली याचं. स्वतःशीच आहे म्हणून लिहून ठेवतो.

१९ मार्च, बुधवार

जाफराबाद रोडच्या जिनिंगला आग. दुपारी. या वेळी बंबाच्या मागोमाग पोचलो.

रुईच्या गाठी. कापूस ज्वाळा कमी काढतो, आत धुमसत राहतो, धूर पांढरा आणि दाट. शेडचे पत्रे तडतड वाजत होते. पंपाचा आवाज, हमालांची पळापळ, मालक कुणाला तरी फोनवर रडून सांगत होता. संजू पुढं, शेषराव काका मागं. मी बाजूच्या भिंतीजवळ, ओला रुमाल तोंडाला. संजूची नुसती पाठ दिसत होती. पाठीचा फोटो कुणाला पाहिजे.

मंग एकदम वळला. वळला तो थेट माझ्याकडं. मागं सगळं लाल, चेहऱ्यावरून पाणी निथळतंय, डोळे उघडे. मिळाला. आख्ख्या आयुष्यात एवढा फोटो मिळाला न्हाई.

त्याच्या पुढच्या घडीला बाजूची गाठींची थप्पी खाली बसली. वरची गाठ शेषराव काकांच्या पायावर. चौघांनी उचलली. काका ओरडले न्हाईत. पाणी चालू ठेवा म्हणत होते. जालन्याला नेलं. पाय चिरडलाय.

रुमाल दोनदा धुतला. धुराचा वास जात न्हाई.

२० मार्च, गुरुवार

फोटो काल संध्याकाळी टाकला. आज सकाळी उठून बघतो तर गावातला एक स्टेटस मोकळा न्हाई. पुण्याहून मेव्हण्याचा फोन, मुंबईहून जुन्या ओळखीचा. कुणी तरी खाली लिहिलं, मृत्यूच्या डोळ्यात डोळे घालून बघणारा जवान. अरे, डोळे माझ्या लेन्समध्ये आहेत. पण लिहू दे.

नाना पेढे घेऊन आल्ते. हाच स्टेजवर. भिंत भरून.

कौतुक ऐकायला कान लई चांगले आहेत माझे. आज रस्त्याच्या पलीकडून दोघं बोलत होते तेही ऐकलं.

२२ मार्च, शनिवार

जालन्याला दवाखान्यात गेल्तो. काकांचा पाय बाहेरून सळया घालून बांधलाय. राहील, पण चालणं पहिल्यासारखं न्हाई. काकूंनी सफरचंदं घेतली, माझ्याकडं बघून पदर डोळ्याला लावला. मी आलो याचंच त्यांना अप्रूप.

काकांना मोबाइलवर फोटो दाखवला. वाटलं खूश होतील. लांब धरून बघितला. म्हणाले, "तोंड आगीकडं न्हाई त्याचं."

एवढंच. मोबाइल परत दिला आणि पाणी मागितलं.

येताना एसटीत याच वाक्याचा विचार. फोटोग्राफर मी, आणि मला ते दिसलं नव्हतं.

२५ मार्च, मंगळवार

संजू दुकानात आला. सगळं गाव ज्याला सलाम करून राह्यलंय त्याचं तोंड उतरलेलं. त्याला नोटीस आहे. पाणी हुकुमाशिवाय का वळवलं, खुलासा द्या. त्यानं पाणी वळवलं ते बाजूच्या थप्पीवर गेलं. थप्पी खालून जळालेली, जोर बसल्याबरोबर बसली. म्हणजे काकांचा पाय त्याच्यामुळं गेला असं झालं. एप्रिलअखेर कंत्राट संपतंय. नवं होणार न्हाई असं आतल्या माणसानं सांगितलं.

मी विचारलं, का वळवलंस मंग.

"भाऊ, आवाज आला. मला वाटलं काकाच. पंप चालू, कानावर टोपी. पण शब्द बराबर ऐकू आला. बंबाचे साहेब म्हणतात, आम्ही कुणी आवाज दिला न्हाई, तू घाबरून वळला."

"कसा आवाज?"

त्यानं करून दाखवला. "इकऽऽडं." 'क' वर लांबवून, शेवटी वर उचलून.

दुकानात पंखा फिरत होता. पासपोर्ट फोटोसाठी एक बाई बसलेली होती, ती संजूच्या नकलेला हसली.

काळीपिवळीच्या अड्ड्यावर असा आवाज काढणारा एकच माणूस होता. मी ओरडलो होतो. आता लिहितानाही आठवायला जातो तर आठवत न्हाई, एवढी सवय. पण पाठीचा फोटो कुणाला पाहिजे हे मनात आलं होतं, ते आठवतं. आणि त्यानंतर तो वळला, तेही. मधे जे झालं असणार तेच झालं.

संजूला म्हणालो, बस, चहा घे. त्यानं चहा घेतला. जाताना म्हणाला, तुमच्या फोटोमुळं निदान लोकं तरी माझ्या बाजूनं आहेत भाऊ.

२६ मार्च, बुधवार

लग्न होतं. "इकडं" म्हणलो न्हाई. "हॅलो" म्हणालो, चुटकी वाजवली, हात हलवला. नवरीचा मामा येऊन विचारतो, घसा बसला का गजाननभाऊ. अर्ध्या फोटोत माणसं भलतीकडंच बघून राह्यलीत.

२८ मार्च, शुक्रवार

साहेबांना सांगायचं ठरवून शेडवर गेलो. जिभेवर वाक्य तयार होतं. साहेब उठून उभे राह्यले, हात हातात घेतला. तुमच्यामुळं आमच्या खात्याला कुणीतरी ओळखलं, म्हणाले. फोटो त्यांच्या टेबलाच्या काचेखाली. बिस्किटं मागवली.

मी बिस्किटं खाल्ली.

निघताना एवढंच विचारलं की संजूचं काय. साहेब चांगला माणूस आहे, पण तोंड बारीक करून म्हणाले, पोरगं मेहनती आहे, पण नसलेल्या आवाजावर बोट ठेवतंय. चूक झाली म्हणलं असतं तर सांभाळून घेतलं असतं. खोटं बोलणाऱ्याला पाईप कसा द्यायचा.

खोटं बोलणारा समोर बसून पाचवं बिस्किट बुडवत होता.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहताना सौ. म्हणाली, काय झालंय ते सांगा आता. गोड खाऊन राह्यले, पण चव लागत न्हाई तुम्हाला, दिसतंय मला.

सांगितलं. तिनं मधे एकदाही तोडलं न्हाई. मी बाजू मांडायला लागलो की तिथं इतका गलका होता, मी मुद्दाम केलं न्हाई, सवयीनं झालं. ती म्हणाली, मुद्दाम केलं असं कुणी म्हणलं.

मंग पूजेचं ताट उचलत, "तुमचा आवाज आख्ख्या गावाला पाठ आहे. संजूच्या कानावर टोपी होती. शेषराव काकांच्या कानावर काय होतं?"

याचा विचार मी केलाच नव्हता. केला असेल, पण पुढं जाऊ दिला नसेल.

३ एप्रिल, गुरुवार

संजूचा फोन, सकाळीच. आवाजावरूनच कळलं, सुटला. काल साहेब जालन्याला जाऊन काकांचा जबाब घेऊन आले. काकांनी सांगितलं, आवाज मीच दिला. धुरात माझा अंदाज चुकला, थप्पी पक्की आहे असं वाटलं. पोरानं हुकूम पाळला.

नोटीस मागं घेणार. संजू रडत होता. म्हणाला, "मला तर वाटायला लागलं होतं भाऊ, की मला भास झाला. काकांनीच दिल्ता. मी म्हणत होतो ना."

हो रे, म्हणालो.

फोन ठेवला आणि आधी काय वाटलं ते लिहितो. हलकं वाटलं. भाकर पोटभर खाल्ली. संध्याकाळपर्यंत टिकलं ते.

काका खोटं बोलले. त्यांनी आवाज दिला नव्हता, मला माहीत आहे. का बोलले, तेही माहीत असल्यासारखं वाटतंय.

५ एप्रिल, शनिवार

काकांना घरी आणलं असं कळलं. जायचं. आज अल्बमची गर्दी होती.

गर्दी नव्हती.

७ एप्रिल, सोमवार

पिंपळगाव रेणुकाईला जाऊन आलो. लिंबाखाली बाज, काका बाजेवर, पाय उशीवर. येणारे-जाणारे विचारपूस करत होते. एक जण बोलून गेला, इतकी वर्षं नोकरी केली अन् शेवटाला चुकीचा आवाज दिला, नशीब. तोंडावर बोलला. काकांनी मान डोलवली.

काकू चहा ठेवायला आत गेल्या. काका लिंबाकडं बघत म्हणाले,

"तुम्ही जीपच्या अड्ड्यावर होता तेव्हापासून ऐकतो मी तुम्हाला. जाफराबाद, इकडं. दोनदा तर मला जाफराबादला जायचंच नव्हतं, तरी बसलो होतो."

मी हसलो न्हाई. ते हसले.

"आवाज म्हातारा झाला न्हाई तुमचा."

मी म्हणालो, काका, मी साहेबांकडं जातो. आजच जातो. ते म्हणाले, ऐकून घ्या आधी.

"त्या दिवशी माझं तोंड उघडलेलं होतं. 'पुढं' म्हणणार होतो. त्याच्या आधी 'इकडं' आलं. पाईपावर आवाज एकच पाहिजे. दुसरा कुठून आलाच, तर मागच्यानं तो आपला म्हणून घ्यायचा असतो. हा न्हाई तो ऐक, असं म्हणत बसलो तर पुढचा पोरगा मधेच थांबतो, अन् थांबला की गेला. म्हणून मी पाईप घेऊन त्याच्यासंगं वळलो. तेव्हाच घेतला मी तो आवाज. जबाबात काय नवीन सांगितलं?"

काका म्हणाले, तुम्ही जाऊन सांगाल तर संजू सुटलेलाच आहे, त्याचं काही वाढत न्हाई. माझा जबाब मात्र खोटा ठरंल. निवृत्तीच्या तोंडावर. "तरी पण तुम्हाला न सांगता ऱ्हावत नसंल, तर सांगा. मी अडवायचो न्हाई. तुमचं तुम्ही बघा."

काकू चहा घेऊन आल्या. आम्ही कापसाच्या भावाचं बोललो.

येताना मोटरसायकल थांबवून शेताच्या बांधावर बसलो. गप्प राहणं काकांच्या भल्याचं निघालं. माझ्या सोयीचंही निघालं. धंद्यात मी एवढं शिकलोय की दोघांच्या फायद्याचा सौदा दिसला की पुन्हा एकदा तपासून घ्यावा. कुणाचं तरी नुकसान त्यात दाबलेलं असतं. इथं ते दाबलेलंही न्हाई, बाजेवर पाय वर करून पडलंय.

९ एप्रिल, बुधवार

सौ. विचारते, मंग? मी म्हणतो, काकांचं बी नुकसान आहे त्यात. ती म्हणते, हं.

तिचं हं मला कळतं.

११ एप्रिल, शुक्रवार

नानांकडं गेलो. म्हणालो फोटो बदलू, शेडपुढचा सगळ्यांचा लावू, काकांच्या मिशीसकट. नाना म्हणाले, येडे झाले का, छापून आला. खाली गाडीत गुंडाळून ठेवलेला होता.

सत्काराला कोण कोण विचारलं. नावं वाचली. शेषराव काकांचं नव्हतं. नाना आवाज खाली आणून म्हणाले, काय आहे गजाननभाऊ, चुकीचा आवाज त्यांचाच होता असं लिहून आलंय. अशा माणसाला शाल घालायची तर लोकं नावं ठेवतील. बसायला बोलवू, पहिल्या रांगेत. गाडी पाठवतो.

शेवटचं नाव माझं होतं. विशेष सत्कार.

मी म्हणालो, काकांना शाल नसेल तर मलाही नको. नानांना वाटलं मोठेपणा करून राह्यलोय. पाठ थोपटली. माझा मोठेपणाही माझ्याच खात्यात जमा होतो.

१३ एप्रिल, रविवार

उद्या माइक मिळाला की सांगून टाकायचं. घरात बोलून बघितलं. "मंडळी, त्या दिवशीचा आवाज माझा होता." बरं वाटतं ऐकायला. जरा जास्तच बरं. माइकवर कबूल केलं तर टाळ्या पडतील. काय मनाचा माणूस म्हणतील. आणि काका समोरच्या रांगेत पाय लांब करून, सगळ्या गावासमोर खोटे. मला टाळ्या, त्यांना चौकशी.

न्हाई. माइकवर न्हाई.

संजूला एकट्याला सांगायचं. तो ठरवील काय करायचं. ज्यानं आवाज ऐकला त्याचा हक्क आहे.

हे आधी का सुचलं न्हाई. सुचलं होतं. त्याच्याच तोंडाची भीती वाटते.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी पुतळ्यापाशी गर्दी, निळे फेटे, लेझीम. कार्यक्रम अकराचा, साडेबाराला लागला. बंबाची माणसं वर्दीतच आली, कारण सत्कार झाला की मिरवणुकीच्या बंदोबस्ताला जायचं. संजू सांगत होता, बंबावर लागल्यापासून जयंतीला नाचायला मिळालं न्हाई, मिरवणुकीच्या मागं मागं गाडी घेऊन फिरतो. त्याची बायको लेकराला घेऊन आल्ती. लेकराच्या कपाळाला निळी पट्टी.

फोटो भिंतभर. संजूचा चेहरा माणसापेक्षा मोठा. लोक त्याच्यापुढं उभे राहून मोबाइलवर फोटो काढत होते. बंबाची माणसं त्या फोटोकडं बघत नव्हती. का, ते आता मला माहीत आहे.

काका पहिल्या रांगेत, कुबडी आडवी ठेवून. मिशी आज पांढरी.

माझं नाव पुकारलं. गेलो, शाल घेतली, माइकपुढं उभा राह्यलो. धन्यवाद म्हणालो आणि खाली आलो. खाली येऊन शाल काकांच्या पायावर घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळायच्या होत्या त्याच टाळ्या. काका पुटपुटले, उकडतंय हो, कशाला.

शेवटी नाना म्हणाले, सगळ्या जवानांचा एक ग्रुप फोटो, त्या मोठ्या फोटोसमोर. काकांनाही खुर्चीसकट मधे आणलं, संजूनंच आणलं. उभे केले. तेवढ्यात मिरवणूक चौकात आली. ताशा, हलगी, वर डीजे. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. कुणी बाहेर बघतंय, कुणी लेकराकडं, कुणी शाल सारखी करतंय. मी हात हलवला. चुटकी वाजवली, ती मलाच ऐकू आली न्हाई. नाना कानात ओरडले, आवाज द्या की, झालं काय तुम्हाला.

काका माझ्याकडं बघत होते. नको असंही न्हाई, हो असंही न्हाई. तुमचं तुम्ही बघा म्हणाले होते तसेच.

पोटातून काढला. क वर लांबवला, शेवटी वर उचलला.

"इकऽऽडं!"

सगळ्या माना वळल्या. मी बटण दाबलं. दाबताना संजू दिसला. झटक्यानं वळला होता, अंगासकट, हात पाईप धरल्यासारखे कमरेपाशी. त्याच्या डोक्यामागं त्याचाच भिंतभर चेहरा, तोच कोन, तेच डोळे. वरचा आणि खालचा, दोघंही माझ्याकडं.

मंग वरचा तसाच राह्यला आणि खालचा बदलला.

मी हे मुद्दाम केलं का, मला विचारतोय मी. नाना म्हणाले म्हणून ओरडलो, डीजे होता म्हणून ओरडलो. पण एवढा जोर लावायची गरज नव्हती.

संजूनं नारळ बायकोच्या हातात दिला. काकांपाशी वाकला, कानात काही विचारलं. एवढ्या गलक्यात माझ्या कानालाही ते आलं न्हाई. काकांनी त्याच्या हातावर हात ठेवला, उत्तर दिलं का न्हाई दिसलं न्हाई. संजूनं टोपी घातली, दारापाशी माझ्या शेजारून गेला.

"भाऊ, उद्या दुकानात आहात ना."

हो म्हणालो.

आता घरी बसून फोटो मोठा करून बघितला. बाकी सगळे कॅमेऱ्यात बघताहेत. संजू कॅमेऱ्यात न्हाई. कॅमेऱ्याच्या थोडं वर, जिथं माझं तोंड होतं, तिथं.

१५ एप्रिल, मंगळवार

दुकान लवकर उघडलं. झाडून काढलं, गिऱ्हाईकाचे दोन फोन आले, दुपारी या म्हणालो. ग्रुप फोटोची प्रिंट काढली न्हाई. पुसलाही न्हाई. सौ.नं डब्यात दोन माणसांच्या भाकरी घातल्यात, न विचारता.

परवा जे ठरवलं होतं ते आता सांगण्यासारखं उरलंच न्हाई. त्याला कळलंय. मी सांगितलं म्हणून कळलं, की सापडलो म्हणून, याच्यात फरक आहे, आणि तो मला त्याच्यापुढं धडपणे सांगता येणार न्हाई. काकांनी जबाब खोटा का दिला, ते त्याला सांगावं लागेल. मंग तो साहेबांकडं जाईल, की काकांसाठी गप्प बसेल आणि माझ्याशी बोलणं सोडेल. दुसरं मला जास्त लागेल. लागावं.

बाहेर त्याची मोटरसायकल आली. ओळखतो, सायलेन्सर फुटका आहे. बंद केली. स्टँड लावला.

पायरी चढला.

दारात थांबलाय. कधी थांबत न्हाई, सरळ आत येतो. मान वर करून त्याला आत बोलवायचं, तर तोंडात तोच एक शब्द येऊन राह्यलाय.